तुळशीची माळ, रोझरी, तसबी आणि बोटातलं काउंटर

दुकानदार माळ दाखवतो तेव्हा मण्यांची चकाकी दाखवतो, फार तर नाकाजवळ धरून वास देतो. दोऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माळ तुटते ती मात्र दोऱ्यात, आणि बहुतेकदा मेरुमण्याजवळ, म्हणजे फेरी जिथे सुरू होते आणि संपते त्या मण्याजवळ. तिथे गोंड्याचा ताण असतो, दर फेरीला तीच जागा चिमटीत येते, आणि भोक पाडल्यावर कडा घासलेली नसेल तर ती दोरा करवतीसारखी कापत राहते. बायकांच्या हातातली माळ तर भांडी घासून ओल्या हातानेच उचलली जाते, लोकलमध्ये पर्समधून निघते, रात्री दिवा मालवल्यावर उशाशी चाचपली जाते. आळंदी-पंढरपूरच्या दुकानांपासून माउंट मेरीच्या जत्रेपर्यंत मिळणाऱ्या माळांचं हे परीक्षण त्याच वापराच्या हिशोबाने केलं आहे.

तुळशीची माळ १०८ मण्यांची, वर मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही. तिथे पोचलं की माळ फिरवून उलट्या दिशेने जायचं. त्यासाठी मेरू बोटाला वेगळा कळायला हवा. नुसता रंगाने वेगळा असेल तर अंधारात त्याचा उपयोग शून्य. सांधे दुखत असतील तर ८ मिलिमीटरचे मणी घ्या. नुसते मणीच सुमारे ८६ सेंटिमीटर भरतात, गाठी धरून माळ आणखी लांबते, म्हणून ती मांडीवर टेकवून ओढावी. गळ्यातल्या ४ मिलिमीटरच्या माळेवर जप करू पाहिलं तर एका ओढीत दोन मणी सुटतात.

खरी तुळस हलकी असते आणि मणी एकमेकांसारखे नसतात. तुळशीचं खोड बारीक, त्यामुळे टपोरे, गुळगुळीत, एका साच्यातले मणी दिसले की शंका घ्या. पांढरं फडकं ओलं करून चोळा. तपकिरी डाग उतरला तर लाकूड रंगवलेलं आहे.

दोन मण्यांमध्ये गाठ मारलेलीच माळ घ्या. दोरा तुटला तर एखाददुसरा मणी जातो, १०८ मणी कपाटाखाली पसरत नाहीत. बिनगाठीची घेतलीत तर दोऱ्यात दोनेक मण्यांइतकी ढील हवी. घट्ट ओवलेली माळ पिळते आणि लवकर जाते. जुनी माळ फेकू नका, पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्या.

कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या रोझरीचा हिशोब वेगळा. दहा-दहाचे पाच संच, त्यांच्यामधले चार मणी, आणि पदकापासून क्रूसापर्यंतच्या शेपटीत पाच, असे ५९ मणी. दहांवर ‘नमो मरिया’, सुट्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. सुट्या मण्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते, तीच बोटाला सांगते की दशक संपलं. अंधारात वापरायला चांगली रोझरी इतकी सोपी दुसरी माळ नाही. स्वस्त रोझरीत मात्र एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी निघतात. दुकानातच मोजा.

साखळीच्या रोझरीत तारेच्या कड्या नीट मिटलेल्या नसतात. त्या उघडतात, केसांत अडकतात, साडीचा धागा ओढतात. घरी टोकदार पकडीने कडी बाजूला न फाकवता सरळ दाबून मिटवा. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, घरोघरी ती रोज म्हटली जाते, तेव्हा दोऱ्याची, गाठींची रोझरी बरी. तिचा आवाज होत नाही, लेकरू शेजारी झोपलेलं असलं तरी चालते. रोझरी म्हणताना येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं, म्हणजे ‘रहस्यांचं’, चिंतन करतात. सोबत मिळणारी पुस्तिका जुनी असेल तर तिच्यात प्रकाशाची रहस्यं सापडणार नाहीत. ती २००२ मध्ये आली, आणि गुरुवारी तीच लागतात.

मुसलमानांची तसबी ९९ किंवा ३३ मण्यांची. नमाजनंतर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. याला तस्बीह-ए-फातिमा म्हणतात. जातं ओढून हात सोलवटले म्हणून पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा वडिलांकडे मदतनीस मागायला गेल्या, तेव्हा पैगंबरांनी झोपताना म्हणायला हे दिलं. जात्यावर बसून नाम घेणारी आपली जनाबाई आठवल्याशिवाय राहत नाही. दोघींची भक्ती दळणातूनच वर आली आहे, आणि म्हणून या वस्तू कामाच्या हाताला पेलणाऱ्या असाव्यात असं आमचं ठाम म्हणणं आहे.

९९च्या तसबीत ३३ आणि ६६नंतर वेगळ्या आकाराचे मणी असतात, आणि शेवटचं चौतिसावं टोकाच्या लांबट मण्यावर म्हणता येतं. काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या तसबीत हे वेगळे मणी इतरांएवढेच गोल असतात. असली तसबी डोळ्यांनी बघून मोजावी लागते. ती घेऊ नका.

जैन घरांतल्या सुताच्या नवकारवाळीला या सगळ्यांत आम्ही सर्वाधिक गुण देऊ. १०८ मणी म्हणजे पंचपरमेष्ठींचे गुण: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. सुताची असल्याने वजन नाही, खुळखुळाट नाही, भोकाची कडा नाही.

बोटातलं डिजिटल काउंटर लाखाच्या संकल्पाला सोयीचं, एरवी नको. शून्य करायचं बटण मोजायच्या बटणाला खेटून असतं आणि चुकून दाबलं की महिन्याची मोजणी जाते. रोजचा आकडा वहीत उतरवाच. पट्ट्याखाली घाम साचतो, सुजलेल्या बोटाला तो काचतो. शिवाय मेरू थांबवतो तसं ते थांबवत नाही. अंगठा दाबत राहतो आणि मन कुकरच्या शिट्टीकडे.

मासिक पाळीत माळेला हात लावू नये असं काही हिंदू घरांत मानतात. रोझरीला अशी आडकाठी नाही. इस्लाममध्ये त्या दिवसांत नमाज नसते, पण जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, चालतो. ज्यांच्या घरी माळ बाजूला ठेवावी लागते त्यांच्यासाठी करमाळा, म्हणजे बोटांच्या पेरांवरची मोजणी, आहे. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं खालचं पेर, करंगळीची खालून वर तिन्ही, अनामिका आणि मधल्या बोटाची टोकं, शेवटी तर्जनीची वरून खाली तिन्ही. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, ती सोडायची. दहाचा एक फेरा झाला की डाव्या हाताचं एक पेर पुढे. बोटांवर मोजा, त्यांना साक्ष द्यायला बोलावलं जाईल, असं पैगंबरांनीही बायकांनाच सांगितल्याची हदीस आहे.