घर आमचं, लॉगिन त्याचं: घोडबंदर रोडवर स्मार्ट होमच्या नावाखाली झालेली फसवणूक

आम्ही एकूण १,५६,०८० रुपये मोजले. त्या बदल्यात आमच्याच घराचे दिवे, पंखे, पडदे, हॉलमधला कॅमेरा आणि मुख्य दरवाजाचं लॉक कित्येक महिने एका परक्या माणसाच्या खात्यावर चालत होतं. हे मी वाढवून सांगत नाही. आणखी पैसे द्यायला नकार दिला त्याच रात्री आमच्या मोबाइलमधल्या ॲपमधून आमचं घर नाहीसं झालं. पडदे अर्धवट उघडे राहिले आणि कॅमेरा चालू की बंद हेही आम्हाला कळेना. ठाण्यात घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकूम किंवा तिकडे नवी मुंबईत खारघर-उलव्यात ज्यांना नव्या फ्लॅटचा ताबा मिळणार आहे, त्यांनी हे वाचाच. लिहायला लाज वाटते. पण मी गप्प बसले तर तो माणूस पुढच्या टॉवरमध्ये स्टॉल लावणार. एव्हाना लावलाही असेल.

पझेशन सुरू झालं की क्लब हाऊसमध्ये काय जत्रा भरते ते ठाणेकरांना सांगायला नको. मच्छरजाळीवाले, इनव्हिजिबल ग्रिलवाले, मॉड्युलर किचनवाले, आणि त्यांच्यात हा, मोबाइलवरून घर चालवून देणारा स्मार्ट होमवाला. बिल्डरच्या ऑफिसच्या दाराला लागूनच त्याचं टेबल होतं, बिल्डरच्या माणसांशी चहापाणी, हसणं-खिदळणं चालू होतं. माणूस विश्वास ठेवतो तो अशा गोष्टी बघून. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तक्रार प्रलंबित आहे आणि वकिलांनी लिहू नका म्हणून बजावलंय.

आणि हे आम्ही श्रीमंती दाखवायला केलं नाही. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. नौपाड्यातल्या जुन्या घरात रात्री बाथरूमला जाताना, अंधारात बटण चाचपडताना त्या पडल्या होत्या. नव्या घरात त्या उठल्या की पॅसेजचा दिवा आपोआप लागावा आणि दाराशी कोण आलंय ते त्यांना पलंगावरून दिसावं, एवढीच आमची गरज होती. "एवढं कशाला करायचं?" असं नंतर विचारणाऱ्या नातेवाइकांना माझं हेच उत्तर आहे.

त्याचं कोटेशन माझ्यासमोर आहे. बोर्डात बसणारी, ॲपवरून चालणारी चार बटणांची नऊ मॉड्यूल प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ४०,५००. गीझर आणि एसीसाठी दोन जड लोडची मॉड्यूल ७,०००. पडद्यांच्या तीन मोटरी ट्रॅकसह ४३,५००. दरवाजाचं लॉक २४,०००. व्हिडिओ डोअरबेल ८,५००. कॅमेरा ४,५००. हालचाल ओळखणारे चार सेन्सर ६,०००. हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकत्र जोडणारी डबी, ६,५००. फिटिंग आणि प्रोग्रामिंग १८,०००. बेरीज १,५८,५००, आणि "पझेशन ऑफर"मध्ये १,४९,०००. स्टॉलवरच ५,००० बुकिंग घेतलं, माल आणायच्या आधी ७०,०००, फिटिंगच्या दिवशी ६०,०००. सगळं यूपीआयवर, आणि तेही कंपनीच्या नाही, एका व्यक्तीच्या नावावर. "चालू खात्याचं लिमिट संपलंय, ताई." कोणी असं म्हणालं की तिथेच उठा.

नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका दुकानात तेच मॉड्यूल हातात घेतलं. तोच आकार, तेच स्क्रू, तेच बारीक बटण, किंमत १,१५०. दुकानदाराने शांतपणे समजावलं: तुया या चिनी कंपनीसारख्यांच्या तयार प्लॅटफॉर्मवर बनलेला माल घाऊक घ्यायचा, ॲपवर स्वतःचा लोगो लावून घ्यायचा आणि "आमची स्वतःची टेक्नॉलॉजी" म्हणून विकायचा, असं पुष्कळ जण करतात. त्यात बेकायदा काही नाही, माल वाईट असतोच असंही नाही. फसवणूक पुढे होते.

माल आला तो सुटा, कापडी पिशवीत. खोकी नव्हती. "नव्या घरात कचरा कशाला ताई, खोकी गोडाउनलाच काढली." किती काळजी! बंद पाकिटातल्या मालावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, बाहेरचा माल असेल तर कुठल्या देशातला ते आणि तक्रारीचा नंबर छापलेला असावा लागतो, कायदाच आहे तसा. खोकं गेलं की हे सगळं गेलं. त्याच्या माहितीपत्रकात "मॅटर सपोर्ट" असं मोठ्या अक्षरात होतं. मॅटर हे २०२२ मध्ये आलेलं प्रमाण, ज्यामुळे एकच उपकरण गूगल, ॲमेझॉन, ॲपल कुणाच्याही ॲपला जोडता येतं. खऱ्या मॅटर उपकरणासोबत क्यूआर आणि अकरा आकडी कोड येतो. आमच्या एकाही वस्तूवर तो नव्हता. असा कोड मिळाला तर त्याचा फोटो काढून ठेवा, स्टिकर कुणालाही काढू देऊ नका.

आता तो क्षण. हॉलमध्ये शिडीवर त्याचा पोरगा, आणि हा सोफ्याच्या प्लास्टिकवर बसून स्वतःच्या मोबाइलवर एकेक उपकरण जोडतोय. ओटीपी येतोय तो त्याच्या फोनवर. मी विचारलं. अगदी स्पष्ट विचारलं, "हे माझ्या मोबाइलवर का नाही करत?" तो मान वर न करता म्हणाला, "प्रोग्रामिंग कंपनीच्या लॉगिनमधूनच होतं ताई. झालं की तुम्हाला शेअर करतो." आणि केलंही शेअर. माझ्या फोनवर सगळं घर दिसायला लागलं. मी पॅसेजचा दिवा लावून बघितला, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दसरा, वास्तुशांत, पाहुणे, स्वयंपाकघरात सुतार, बाथरूममध्ये प्लंबर. त्या गडबडीत कोण ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघतं की आपल्या नावापुढे "मालक" लिहिलंय की "सदस्य"?

माझ्या नावापुढे "सदस्य" होतं. तो एक शब्द रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. उपकरण काढण्याचा पर्याय मला दिसतच नव्हता, नवीन माणूस जोडण्याचाही नव्हता. मी समजले, साधं ॲप दिलंय, बरंच झालं.

लॉकचं तर अजून आठवलं की अंगावर काटा येतो. पहिलं बोट त्याने स्वतःचं नोंदवलं. "टेस्टिंगसाठी." मग आमची. पहिलं बोट म्हणजे मुख्य ॲडमिन, हे मला कोणी सांगितलं होतं? त्या खात्यातून तो कुठेही बसून आमच्या दरवाजाचा तात्पुरता कोड तयार करू शकत होता. सहकुटुंब गावी गेलो होतो तेव्हाही.

महिन्याभरात एकेक बाहेर यायला लागलं. दिवे बंद केले तरी एलईडी मंद पेटलेले राहायचे. आमच्या ओळखीचा जुना वायरमन आला, बोर्ड उघडला आणि डोक्याला हात लावला. आपल्याकडे नुसत्या दिव्यांच्या बोर्डात बहुतेक वेळा फेजच आणलेला असतो, न्यूट्रल नसतो. स्मार्ट मॉड्यूलला स्वतःला चालायला वीज लागते. न्यूट्रल नसला तर ते दिव्यातूनच थोडा करंट ओढतं, म्हणून दिवा पूर्ण विझत नाही. यावर उपाय आहेत, पण त्याने केले नव्हते. पीओपी आणि रंग व्हायच्या आधी बोर्डात न्यूट्रल ओढून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते. आमचा गीझर तीन किलोवॅटचा इन्स्टंट. २३० व्होल्टला तो १३ अँपिअर ओढतो. कोटेशनमध्ये "जड लोडचं मॉड्यूल", आणि बोर्डात निघालं १० अँपिअरचं. एका बाजूने प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं. तिथे आग लागली असती तर? रोज सकाळी त्याच बाथरूममध्ये माझी मुलगी अंघोळ करते. या गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधीही माफ करणार नाही.

फोन केला तर म्हणे, राहिलेले १४,००० द्या, मग माणूस पाठवतो आणि मालकीही ट्रान्सफर करतो. दिले. माणूस आला नाही. मग मेसेज: वार्षिक क्लाउड चार्ज ६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ७,०८०. "नाही भरला तर सर्व्हर बंद होईल." सासूबाईंच्या खोलीचा सेन्सर बंद पडेल म्हणून तेही दिले. हो, दिले. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना कळेल. त्यानंतर तिसरी मागणी, "ओनर ट्रान्सफर फी" ११,८००. खात्यातून उपकरण काढून टाकायला त्याला एक पैसा लागत नाही, दोन मिनिटांचं काम. तिथे मी नाही म्हटलं, आणि रात्री घर गायब.

बिल मागितलं होतं, दिलं होतं ते प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं कच्चं बिल. त्यावरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पत्ता मात्र ठाण्याचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द ते कुणालाही फुकट दिसतं. याची रद्द झालेली होती. आमच्याकडून १८ टक्के कुणासाठी घेतले?

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी. पोलीस ठाण्यात ड्युटीवरच्या साहेबांनी अर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, साहेब, परक्या माणसाकडे माझ्या दरवाजाचा ताबा आहे, हॉलमध्ये त्याच्या खात्यावरचा कॅमेरा आहे. त्यावर उत्तर, "तुम्हीच लावून घेतला ना?" बाई माणसाला असं उत्तर! मला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, हॅकिंग कुठे आहे, पोलीस ठाण्यात जा. पुन्हा पोलीस ठाणं, पुन्हा तेच बाकडं, वेगळे साहेब, पहिल्यापासून सगळी कहाणी. अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, शिक्का असलेला माणूस बंदोबस्तावर गेलेला. बँकेत गेले, "व्यवहार तुम्ही मंजूर केलाय, आम्ही काही करू शकत नाही." ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याला निदान विचारा तरी? नाही, ते गोपनीय. म्हणजे माझ्या घराचा कॅमेरा त्याला उघडा आणि त्याचं खातं मला गोपनीय. बिल्डरच्या ऑफिसात तर ओळखच दाखवली नाही. "स्टॉल थर्ड पार्टीचे असतात, डिस्क्लेमर लावलेला होता." कुठे लावला होता? स्टॉलचं भाडं घेताना थर्ड पार्टी नव्हता का तो? प्रत्येक खिडकीवर मला एकच प्रश्न: "दिलेच कशाला पैसे?" फसवणाऱ्याला एकानेही फोन लावून प्रश्न विचारला नाही.

वकील भाच्याने मग जे सांगितलं ते लिहून ठेवा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, त्यामुळे "दिवाणी आहे" हे ऐकून परत फिरायचं नाही. तक्रार नोंदवून घेतली नाही तर तीच लेखी स्वरूपात, स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवायची. पोस्टाची पावती हीच पोच. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीत १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, त्याच तासात. वाट बघत बसलात तर पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. मी दाखल केली आहे. गीझरच्या वितळलेल्या मॉड्यूलचे फोटो, वायरमनची सहीची चिठ्ठी, यूपीआयच्या सगळ्या पावत्या, "सर्व्हर बंद होईल" वाले मेसेज, सगळं जोडलं आहे. मेसेज डिलीट करू नका, रागात ब्लॉकही करू नका. आधी स्क्रीनशॉट.

ज्यांचं फिटिंग व्हायचंय त्यांनी शेवटचा हप्ता हातात ठेवा, आणि खातं आपल्या नंबरवर, ओटीपी आपल्या फोनवर येईपर्यंत एकही उपकरण भिंतीत जाऊ देऊ नका. तो रुसला तर रुसू दे.

आणि ज्यांच्याकडे असं फिटिंग आधीच झालंय, त्यांनी आत्ता ॲप उघडून आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा. "सदस्य" असेल तर त्याला फोन करू नका. आधी राउटरचा वाय-फाय पासवर्ड बदला. वाय-फायवरची उपकरणं नेटवरून तुटतील आणि दूर बसून ती चालवणारा त्याचा हात थांबेल. भिंतीवरची बटणं चालू राहतात, घाबरू नका. कॅमेऱ्याचा प्लग काढा. लॉक फॅक्टरी रिसेट करून पहिलं बोट घरातल्या माणसाचं नोंदवा, पण त्याआधी लोखंडी किल्ली उंबऱ्याच्या बाहेर कुणाच्या तरी हातात द्या, दार लॉक झालं तर पंचाईत नको. स्विचची मॉड्यूल रिसेट करून बहुतेकदा नव्या खात्यात जोडता येतात. कॅमेरा आणि लॉक पुष्कळदा जुन्या खात्यातून काढल्याशिवाय सुटत नाहीत, आमचे सुटले नाहीत. आम्ही दोन्ही काढून टाकले, वायरमनने बोर्ड पूर्ववत करायचे ९,५०० घेतले, आणि सासूबाईंच्या पॅसेजमध्ये बॅटरीवर चालणारा, कुठल्याही ॲपशिवायचा सेन्सरचा दिवा लावलाय. ६५० रुपयांचा.