हतनूरची फेरी: ब्रिज कॅमेरा की मोठी लेन्स?

भुसावळहून पहाटे पक्षी टिपायला हतनूर धरणाकडे बाइक काढायची, तर बॅगेत काय टाकायचं? माझ्याकडे दोन्ही आहेत.

निकॉन पी-९०० हा माझा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा. त्याला २४ ते २००० मिमीइतका झूम, वजन किलोच्या आत. डीएसएलआरची (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची) १५०-६०० मिमी लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास. खड्ड्यांचा रस्ता संपेपर्यंत खांदा बोलायला लागतो.

पाण्यात लांब बसलेली चक्रवाक बदकं ब्रिज कॅमेरा मस्त जवळ ओढतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग दोघंही सारखेच हतबल. पण नदी सुरय, हा मासे पकडणारा चपळ पक्षी, ब्रिज कॅमेऱ्याने उडताना टिपायचा? विसरा. एकदा सुरयने माझ्यासमोरच सूर मारला, चोचीत चकाकती मासळी घेऊन वर आला. फोकस लागला तेव्हा चौकटीत नुसती वर्तुळं होती. शिवाय त्याच्या छोट्या सेन्सरमुळे (प्रकाश टिपणाऱ्या भागामुळे) पहाटेचे फोटो दाणेदार येतात.

आपल्या खान्देशाला समुद्र नाही. कोकणात गेलो तेव्हा मात्र मोठी लेन्स घरीच ठेवली. ब्रिज कॅमेऱ्याच्या २४ मिमीच्या रुंद चौकटीत अख्खा किनारा मावतो, आणि उडत्या वाळूत लेन्स बदलायची भानगड नाही.

हिवाळ्यात हतनूरला मी मोठीच नेतो. खांदा दुखला तर दुखला.