स्वारगेट ते चिपळूण: कुंभार्लीतून उतरणारी लाल गाडीच धरा

पुण्याहून चिपळूणकडे निघालेल्या कुणीही मला विचारलं तर मी एकच सांगते. स्वारगेटहून सकाळची एसटी धरा आणि ती उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरणारी आहे ना, तेवढं चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. माझं माहेर अलोरे, घाट उतरल्यावर चिपळूणच्या अलीकडचं गाव. वडील कोयना प्रकल्पावर नोकरीला होते, त्यामुळे लहानपण वसाहतीत गेलं. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. आई अजून तिकडेच राहते, त्यामुळे सणासुदीलाच नाही तर अधूनमधून कधीही जाणं होतं.

गाडी साधी असते. एसी नाही, सीट मागे जात नाही, मोबाइल चार्ज करायची सोय धरून चालू नये. सहा-सात तास ताठ बसायची तयारी हवी. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, तिथे पाय पसरता येत नाहीत. शेवटच्या बाकावर तर पाटणनंतर जीव नको होतो. मधल्या रांगांमधली खिडकी मिळाली तर उत्तम. लहान मूल बरोबर असेल तर पुढच्या बाजूलाच बसा, उंब्रजपर्यंत त्याला थोडंच खायला द्या, आणि लिमलेटच्या गोळ्या व दोन कोऱ्या पिशव्या वरच्या बॅगेत न ठेवता हाताशी असू द्या. घाटात बॅग काढायला उभं राहता येत नाही.

साताऱ्यापर्यंत सांगण्यासारखं फार नाही. कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकीची चढण, सुरूर फाटा, आणि मग सातारा स्टँड. तिथे चहा होतो, ज्याला घरी न्यायचे तो कंदी पेढे घेतो. नाश्त्याला गाडी हायवेवरच्या एखाद्या हॉटेलवर थांबते. एसटीच्या अधिकृत थांब्यावर प्रवाशाला ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा, अशी महामंडळाची योजना आहे. तिकीट दाखवून तो मागायचा असतो. एका हॉटेलात मी मागितला तर गल्ल्यावरच्या माणसाने मान वर करूनही बघितलं नाही, 'संपला' एवढंच म्हणाला. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि समोरच्या कढईत वडे तळले जात होते. योजनेचा फलकही कुठे नव्हता. मला त्या तीस रुपयांपेक्षा माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचं वाईट वाटलं. त्यांनी भाव विचारला आणि नुसतंच पाणी पिऊन त्या गाडीत येऊन बसल्या. तेव्हापासून मी घरून पोळी-भाजीचा डबा घेते आणि शेजारच्यालाही पुरेल एवढा घेते.

खरी एसटी बघायची तर उंब्रजनंतर. तिथे गाडी हायवे सोडते आणि आतली माणसंच बदलतात. पुण्याहून बसलेले बरेचसे साताऱ्यात उतरलेले असतात. मल्हारपेठ, पाटण करत करत बाजाराच्या पिशव्या, दवाखान्याच्या फायली, शाळेची दप्तरं चढत जातात. कंडक्टर एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवतो आणि कोणाचं कुठे उतरायचंय हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. मागच्या खेपेला पाटणहून एक आजी चढल्या. उतरायच्या थांब्याचं नाव त्यांना नीट सांगता येईना. 'शाळेच्या पुढं, आमराईपाशी,' एवढंच म्हणत होत्या. कंडक्टरने वाडीचं नाव विचारलं, तिकीट फाडून त्यांच्या हातात नीट दुमडून दिलं आणि मागे पैसे घ्यायला गेला. मी मनात म्हटलं, आता हा विसरणार. बऱ्याच वेळाने गाडीच्या मागच्या टोकाहून त्याचा आवाज आला, 'आजी, पुढच्या वळणाला तुमचं. आत्ता उठू नका, गाडी थांबू दे.' मग सिंगल बेल. गाडी पूर्ण थांबल्यावर त्याने स्वतः त्यांची पिशवी खाली दिली, त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या हे बघितलं आणि मगच डबल बेल दिली. माझ्या लेखी चांगल्या प्रवासाची परीक्षा हीच. कोणत्याही आरामबसमध्ये एवढ्या आपुलकीने कोणी माझ्या आईला उतरवलेलं मी पाहिलेलं नाही.

कोयनानगर, हेळवाक मागे पडलं की घाट सुरू होतो. या घाटात एसटीचा ड्रायव्हर काय करतो ते पुढे बसून एकदा बघाच. तो ब्रेक दाबत दाबत गाडी उतरवत नाही. आधीच गिअर खाली घेतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतो. जुलैत धुकं इतकं असतं की वळणाच्या पलीकडचं दिसत नाही, मग तो हॉर्नवर भागवतो. एकदा खालून भरलेला ट्रक येत होता. आमच्या ड्रायव्हरने वळणाच्या अलीकडेच गाडी उभी केली, कारण चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा जोर घेता येत नाही. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर वाकून कठड्याकडे बघत 'येऊ दे, येऊ दे, बास' म्हणत होता. ट्रक अगदी आरशाला घासून गेल्यासारखा गेला. आमचा ड्रायव्हर शांतपणे पुन्हा निघाला. गाडीतलं बोलणंसुद्धा थांबलं नव्हतं, इतका लोकांचा त्याच्यावर भरवसा.

आता पैशाचं. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, पण १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मला हा प्रवास अजूनही परवडतो. त्याहून मोठी गोष्ट आईच्या बाबतीत झाली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे. पूर्वी ती 'उगाच कशाला खर्च' म्हणून यायचं टाळायची, आम्ही पैसे देऊ म्हटलं तरी. आता आधार कार्ड दाखवते, शून्य रुपयांचं तिकीट घेते आणि मनात आलं की फोन करून सांगते, 'उद्या निघतेय.' तिच्या आवाजातला तो ठामपणा मला फार आवडतो. यावर सरकारचे पैसे वाया जातात असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन.

खासगी स्लीपरचा अनुभवही सांगते, नाव घेत नाही. दिवाळीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करून तिला परत सोडायचं होतं. एसटीचं आरक्षण भरलेलं होतं, म्हणून ट्रॅव्हल्सच्या गाडीत दोन बर्थ घेतले. भाडं नेहमीच्या तिप्पट. २०१८ साली शासनाने निर्णय काढून ठेवलाय की खासगी गाडीने एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्यापेक्षा फार तर दीडपट घ्यावं. ऑफिसात ते बोलून दाखवलं तर 'मग एसटीनेच जा' हे उत्तर. रात्री ऐन वेळी फोन करून गाडीत चढायचं ठिकाण बदललं. चांदणी चौक ओलांडल्यावर क्लीनरने सांगितलं की गाडी ताम्हिणीतून, महाडवरून जाणार आहे. म्हणजे अलोरे वाटेत येणारच नाही. आम्हाला पहाटे चारला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उतरवलं. डोळ्याला पट्टी बांधलेली माझी आई दोन तास बंद टपरीच्या फळीवर बसून होती. मी त्या क्लीनरला विनवलं की निदान स्टँडपर्यंत सोडा, तर गाडी निघून गेली. लांबच्या प्रवासाला, नागपूर वगैरेला, आडवं झोपून जाण्यात सुख आहे हे मी मान्य करते. पण ज्याला शहरात नाही, वाटेतल्या गावात उतरायचंय त्याने असल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

चिपळूणच्या एसटीवाल्यांबद्दल मला मुळातच आदर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आगार पाण्याखाली गेलं तेव्हा तिथले आगारप्रमुख आणि सहकारी सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत तासन्‌तास गाडीच्या टपावर बसून होते. ते पैसे प्रवाशांच्या तिकिटांचे होते.

जाताना एवढं करा. शनिवार, रविवार आणि गणपतीच्या आसपास आधीच आरक्षण करा, ते एसटीच्या अ‍ॅपवर घरबसल्या होतं. ज्येष्ठांनी आधार कार्ड पाकिटात ठेवावं, नातवाच्या मोबाइलमध्ये नको, तो नेमका त्या दिवशी बरोबर नसतो. कंडक्टरकडे क्यूआर कोडवर पैसे देता येतात, पण घाटाच्या बाजूला रेंज जाते, म्हणून थोडे सुटे जवळ असू द्या. पावसाळ्यात दरड आली की कुंभार्ली बंद होतो. निघायच्या आधी आगारात फोन करून गाडी कुठून जाणार ते विचारा. ताम्हिणीतून वळवली असेल तर पोफळी, शिरगाव, अलोरे इथल्या लोकांनी थेट चिपळूण स्टँडचं तिकीट काढावं आणि तिथून पोफळीकडे जाणारी लोकल एसटी धरावी.