केलेलं सांगायचं की अडवलेलं?

सत्तेतून पायउतार झालेल्या धाकट्या भागीदाराकडे दोनच बचाव उरतात. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट्सनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाबरोबरच्या पाच वर्षांच्या (२०१०–१५) आघाडीनंतर दोन्ही वापरले: ‘आम्ही केलं’ आणि ‘आम्ही अडवलं’.

‘आम्ही केलं’ हे दाखवायला सोपं. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १०,००० पौंडांवर गेली, इंग्लंडच्या शाळांत लहान मुलांना मोफत जेवण मिळालं. पण श्रेयाला वाटेकरी असतो. करसवलत थोरल्या कॉन्झर्व्हेटिव्हांनीही आपल्याच खात्यात जमा केली. शिवाय वही उघडली की नावेची बाजूही दिसते: विद्यापीठाची फी वाढवण्याविरुद्ध मत देऊ असं लिहून दिलं आणि ती ९,००० पौंडांपर्यंत जाऊ दिली. पक्षाचे तेव्हाचे नेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये माफी मागितली, तर टिंगलच जास्त झाली.

‘आम्ही अडवलं’ हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. नागरिकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी साठवण्याचं विधेयक त्यांनी २०१३ मध्ये रोखलं. अडचण एवढीच, की न झालेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. पुरावा मिळाला तो २०१६ मध्ये: ते सरकारात नव्हते आणि त्याच धाटणीचा कायदा मंजूर झाला. पण तोवर, २०१५ च्या निवडणुकीत, त्यांच्या ५७ खासदारांचे ८ झाले होते.