नेपाळच्या मिशन ट्रिपचा ‘परवाना’ कुणी विकत असेल तर सावध व्हा

बडोद्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) २२ जण, १७ तरुण आणि ५ पुढारी, नेपाळला शिबिरासाठी जाणार होते. माणशी ₹३८,५०० म्हणजे एकूण ₹८,४७,००० बुडाले. आधी बुकिंगचे ₹११,०००, मग उरलेले ₹२७,५००. आता ट्रिप ठरवून देणाऱ्या एजंटचा फोन बंद आहे.

माणूस अनोळखी नव्हता. दुसऱ्या चर्चमध्ये उपासनेला बसणारा, पाळकांच्या ओळखीचा. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, सगळ्यांसोबत डोळे मिटून प्रार्थना केली आणि आमेन म्हणून झाल्यावर क्यूआर कोड पुढे धरला. खातं कंपनीचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. जो माणूस आपल्यासोबत प्रार्थना करतो त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागायला जीभ रेटत नाही. तरी मागा.

आम्ही थांबायला हवं होतं ते ‘धार्मिक कार्य परवान्या’पाशी. माणशी ₹४,०००, म्हणजे ₹८८,००० निव्वळ त्या कागदाचे. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच त्याने ‘व्हिसा’ हा शब्द तोंडातून काढला नाही. धर्मांतर घडवायला तिथे कायद्याने बंदी आहे, मग परवाना कसला? नेपाळच्या दंडसंहितेच्या कलम १५८ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा संपल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. त्या कागदाच्या भरवशावर आपली पोरं पत्रकं वाटायला उभी राहिली असती, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

शिवाय त्याने सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेतल्या. विमानाने नेपाळला जायला मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. आधार सोडून यातलं काहीच मागत नसेल, तर त्याला तिकीट काढायचंच नाही.

पीएनआर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पैसे न भरता सीट थोडा वेळ धरून ठेवता येते, मुदत संपली की बुकिंग आपोआप रद्द होतं. आम्हाला दाखवलं ते तसलंच. विमान कंपनीच्या साइटवर स्वतः पाहा, दोन दिवसांनी पुन्हा पाहा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घ्यायचा प्राप्तिकर, कापावाच लागतो, त्यासाठी पॅन मागतात. आमच्यापैकी एकाचाही पॅन मागितला नव्हता.

आणि पोलीस! पहिल्या ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. तिसरीकडे म्हणाले, एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, बीएनएसएसचं (नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम १७३ तेच सांगतं. ते वाचून दाखवलं तर साहेबांनी चहा मागवला आणि उद्या या म्हणाले. असे अकरा ‘उद्या’ झाले. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी तर बायबलमधलं १ करिंथ ६ काढून भावाला कोर्टात नेऊ नका असं आम्हालाच सुनावलं. भावाने पोरांच्या शिकवणीचे पैसे खाल्ले, ते कुणी वाचून दाखवलं नाही.

फसवणूक कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही लाजेपायी नऊ दिवस घालवले आणि तोवर खातं रिकामं झालं. आता तक्रार पोलीस आयुक्तांना पोस्टाने पाठवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ₹२०० भरून दावा टाकतोय. बडोद्यात आणखी कुणी असे पैसे दिले असतील तर यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि पावत्या जपा. चॅट पुसू नका.