फेटचं सर्किट किट, दोन वर्षं वर्गात वापरल्यावर

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हल्ली कोणी नवीन सॉफ्टवेअर दाखवायला आलं की पोटात गोळा येतो. एका कंपनीच्या (नाव जाऊ दे) स्मार्टबोर्डवर मी रात्री जागून चाळीसेक धडे बनवले होते, मग त्यांचं नवं व्हर्जन आलं आणि त्यात जुन्या फायली उघडेचनात. फोन केला तर म्हणे मॅडम परत बनवून घ्या. परत बनवून घ्या म्हणे!

तर त्या वैतागात फेटकडे (PhET) वळले, म्हणजे स्क्रीनवर करायचे विज्ञानाचे प्रयोग, त्यांना सिम्युलेशन्स म्हणतात. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. यांचीही जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमध्ये होती आणि फ्लॅश तर २०२० संपता संपता बंदच झालं, पण यांनी स्वतः बसून ती एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे आजच्या ब्राउझरला थेट चालेल अशा रूपात, नव्याने केली. सगळी नाही आली, पण रोजच्या कामाची बहुतेक आली. शिवाय एक फाईल डाउनलोड करून ठेवली की नेट नसतानाही चालते, म्हणजे तास सुरू झाला आणि नेट गेलं तर मी गाणी म्हणत बसायची गरज नाही.

मी सगळ्यात जास्त वापरते ते डीसी सर्किट किट. वायर, बॅटरी, बल्ब ओढायचे आणि जोडायचे, वायरीतून निळे इलेक्ट्रॉन फिरताना दिसतात. दोन बल्ब एकसर (एकामागे एक) जोडायच्या आधी मी नेहमी विचारते, जास्त कुठला पेटेल? दर वर्षी अर्ध्याहून जास्त हात पहिल्या बल्बसाठी वर, कारण "करंट तिथेच संपतो ना मॅडम". हे मी खडूने फळ्यावर किती वर्षं समजावलंय, मुलं मान डोलावतात आणि पेपरात परत तेच लिहितात. इथे दुसरा बल्ब जोडला की दोन्ही सारखेच मंद होतात आणि इलेक्ट्रॉन अख्ख्या सर्किटभर एकाच वेळी हळू होतात, बल्बच्या आधीही आणि नंतरही. एक मुलगा बराच वेळ नुसता बघत होता, मग म्हणाला, म्हणजे पुढे काय जोडलंय ते मागच्याला पण कळतं? मी म्हटलं, बस, आज एवढंच.

पण जोडायच्या आधी विचारलं नाही तर काही उपयोग नाही हां. पहिल्या वर्षी मी नुसतं सुरू करून दिलं आणि पोरांनी अख्खा तास शॉर्ट सर्किट करून बॅटरीला आग लावण्यात घालवला, कुणीतरी वायरीला कुत्रा जोडला (हो, तिथे कुत्रा पण मिळतो), मजा आली, शिकलं कोणी काहीच नाही.

आणि खरे सेल, खरे बल्ब कपाटात टाकून देऊ नका. स्क्रीनवर बॅटरी आदर्श असते, समांतर जोडणीत कितीही बल्ब लावा, उजेड तेवढाच. टेबलावर तसं होत नाही. होल्डर गंजलेला, वायर सैल, आणि आमचे सेल इतके जुने की तिसरा बल्ब लावल्यावर तिन्ही मलूल झाले. दोन मुली लगेच म्हणाल्या मॅडम, कॉम्प्युटर चुकलाय. मला वाटलं आता अंतर्गत रोधावर (सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा) भाषण द्यावं लागणार, पण किटच्या लॅब नावाच्या भागात अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून एक कप्पा आहे, त्यात बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवायचं स्लायडर असतं, तेवढं दाखवलं आणि बाजूला झाले.

स्मार्टबोर्ड आहे अजून भिंतीवर, पडदा म्हणून छान चालतो. फेटला पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय कारण शिक्षकाने तयारी न करता लावलं तर ते नुसता खेळ होतं, त्यात त्यांची चूक नाही म्हणा. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, भाषा बदलून बघा.

त्या दोघी मधल्या सुट्टीतही उठल्या नाहीत. एक टेबलावरच्या बल्बकडे बघून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होती आणि दुसरी स्लायडर सरकवत होती, स्क्रीनवरचे बल्ब तेवढेच मंद होईपर्यंत.