पॅरिसच्या मेट्रोत रोख पैसे घेऊन ‘आठवड्याचा पास’ देणारा माणूस

लंडनहून युरोस्टारने पॅरिसला आलं की गार द्यु नोर स्टेशनात उतरावं लागतं. तिथून खाली मेट्रोकडे गेलं की तिकिटांच्या यंत्रांपुढे बॅगा घेतलेल्या परदेशी लोकांची रांग असते. फसवणारे नेमके तिथेच उभे राहतात. आई-बाबांना घेऊन मी तिथे पोचलो तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. हा वार लक्षात ठेवा.

यंत्रावर इंग्रजी निवडून मी तिकिटं शोधत होतो. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस जवळ आला. बाबांना ‘नमस्ते’ म्हणाला, आईची बॅग उचलून कडेला ठेवली. आम्ही कुठे राहणार, काय काय बघणार, सगळं विचारून झालं. “मग आठवड्याचा पासच घ्या, स्वस्त पडेल,” असं म्हणत त्यानेच स्क्रीनवर भराभर बटणं दाबली. मी कार्ड घातलं, तर व्यवहार रद्द. म्हणाला, “इथे फक्त फ्रेंच कार्डं चालतात. मी माझ्या कार्डाने भरतो, तुम्ही मला रोख द्या.” माणशी तीस युरो. नव्वद युरो घेऊन त्याने तीन नाविगो कार्डं (पॅरिसच्या मेट्रो-बसची तिकिटं भरायची कार्डं) आमच्या हातात दिली आणि गेटपर्यंत सोडायलाही आला. गेट उघडलं. बाबांनी त्याचे दोनदा आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलजवळच्या स्टेशनात तिघांच्याही कार्डांना लाल दिवा. खिडकीतल्या बाईंनी कार्डं तपासली, तर तिन्ही रिकामी. मग त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं.

आमच्या हातात होतं ते ‘नाविगो इझी’. हे कोरं कार्ड 2 युरोला मिळतं. त्याने प्रत्येकावर मेट्रोचं एकच तिकीट भरलं होतं. 2025 च्या दराने ते 2.50 युरोचं. म्हणजे 13.50 युरोचा माल देऊन उरलेले सगळे पैसे त्याच्या खिशात. या कार्डावर आठवड्याचा पास भरताच येत नाही. त्यासाठी फोटो आणि नाव असलेलं वेगळं कार्ड लागतं, त्याचे 5 युरो निराळे. शिवाय हा पास कधीही घेतला तरी सोमवार ते रविवार असाच चालतो, आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात. शुक्रवारी कुणी ‘आजपासून आठवडाभर’ म्हणाला, तर तो सरळ खोटं बोलतोय.

परदेशी कार्डं चालत नाहीत हेही खोटंच. त्याच कार्डाने मी त्या सकाळी यंत्रावर नवी तिकिटं काढली. आदल्या दिवशी रद्दचं बटण त्यानेच दाबलं असणार.

माझा संताप होतो तो याचा, की तो वयस्कर माणसं आणि सामान बघून माणसं निवडतो. आणि नुकसान पैशांवर थांबेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी आमचं गेट उघडलं नाही हे बरंच झालं. मेट्रोच्या बोगद्यांत तपासनीस उभे असतात, बाहेर पडेपर्यंत वैध तिकीट जवळ असावं लागतं, नाहीतर जागेवर दंड. ‘एकाने विकलं’ हे तिथे कारण म्हणून चालत नाही.

आई-बाबांना पाठवणार असाल तर त्यांना आधीच सांगून ठेवा: यंत्रापाशी मदतीला आलेल्या कुणाच्याही हातात रोकड द्यायची नाही, मग त्याच्या गळ्यात काहीही लटकत असो. अडलं तर खिडकीवर जायचं. तिकीट प्रत्येकाला स्वतःचं लागतं, एका नाविगो इझीवर दोघांना एकत्र प्रवास करता येत नाही. आणि कुणी कार्ड हातात दिलंच, तर पैसे देण्याआधी ते यंत्रावरच्या खाचेत ठेवा. त्यावर काय भरलंय ते स्क्रीनवर लगेच दिसतं.